एमजीबीत रोव्हर व्ही-८ घरी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या जुन्या एमजीबी गाडीत रोव्हरचं व्ही-८ इंजिन घरच्या गॅरेजात बसवण्याबद्दल मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही पत्रं ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांची असतात, काही पुण्या-मुंबईहून येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न इंजिनाचा असतो आणि ब्रेकचा शेवटी, तोही आठवला तर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. इंजिन आत उतरवणं हा या कामातला सोपा भाग आहे. त्या इंजिनाला पेलणारी, थंड ठेवणारी आणि थांबवणारी गाडी तयार करायलाच खरा वेळ लागतो.

१. एमजीबी म्हणजे नेमकी कोणती गाडी? व्ही-८ साठी सगळे तीच का घेतात?

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. उघड्या टपाची रोडस्टर आधी आली, बंद टपाची जीटी १९६५ मध्ये. एकूण पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. अख्खी नवी बॉडीसुद्धा मूळ साच्यांवरून पुन्हा बनू लागली ती १९८८ पासून. तिचं मूळ इंजिन १,७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, लोखंडी ‘बी-सीरिज’. आपल्याकडे ज्यांनी पेट्रोलवरची जुनी ॲम्बेसेडर चालवली आहे त्यांनी याच घराण्यातलं १,४८९ सीसीचं इंजिन ऐकलेलं आहे.

व्ही-८ ची कल्पना हौशी लोकांनी उगाच काढलेली नाही. केंट परगण्यातले केन कॉस्टेलो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अशा गाड्या बनवून विकत होते. पुढे कारखान्यानं स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ काढली. १९७३ ते १९७६ मध्ये तिच्या २,५९१ गाड्या बनल्या. म्हणजे हे इंजिन या गाडीत बसतं, हे कारखान्यानंच सिद्ध करून ठेवलंय.

२. आठ सिलिंडरचं इंजिन जड असणार. गाडीचं नाक खाली जाणार नाही का?

नाही, आणि या जोडीची खरी गंमत हीच आहे. रोव्हर व्ही-८ चा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. अमेरिकेत ब्यूकनं १९६१ ते १९६३ मध्ये वापरलेलं हे साडेतीन लिटरचं इंजिन. रोव्हरनं १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि १९६७ मध्ये ते आपल्या मोठ्या सलूनमध्ये आणलं. एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरपेक्षा ते जड तर नाहीच, थोडं हलकंच भरतं.

याच्या उलट उदाहरण त्याच कारखान्यातलं आहे. १९६७ ते १९६९ मध्ये एमजीसी आली, तीन लिटरच्या लोखंडी सहा सिलिंडर इंजिनाची. लांब, जड इंजिन मावावं म्हणून पुढचं सस्पेन्शन बदलावं लागलं, आणि नाक जड असल्याची तक्रार त्या गाडीला कायमची चिकटली. ‘माझ्याकडे अमुक इंजिन पडून आहे, ते बसेल का’ असं विचारणाऱ्यांनी आधी एमजीसीकडे बघावं. मावण्याइतकंच वजनही महत्त्वाचं असतं.

३. क्रोम बंपरची गाडी घ्यावी की रबर बंपरची?

काम सोपं हवं असेल तर रबर बंपरची. १९७४ च्या शरदात अमेरिकी नियमांसाठी गाडीला काळे रबरी बंपर लावले आणि ती उंच केली. तोवर कारखान्यात व्ही-८ ची गाडीही बनत होती, त्यामुळे नंतरच्या बॉडीची इंजिनाची जागा व्ही-८ ला बरीच जवळची आहे. १९७६ पासून चार सिलिंडरच्या गाड्यांतही रेडिएटर पुढे सरकवला गेला, तो आपल्याला आयताच मिळतो. क्रोम बंपरच्या गाडीत बाजूचे पत्रे आणि रेडिएटरची जागा, दोन्हींत कापाकापी करावी लागते.

दिसायला क्रोम बंपर सुंदर, यात वाद नाही. पण एखादी धड, अस्सल, मूळ इंजिनाची क्रोम बंपर गाडी या कामासाठी कापू नये असं मला मनापासून वाटतं. इंजिन गेलेली, पण पत्रा चांगला असलेली रबर बंपरची गाडी शोधा.

पत्रा चांगला म्हणजे दाराखालचे सिल चांगले. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवर असतो आणि रोडस्टरमध्ये तर तो मुख्यतः सिलवर. बाहेरून रंग दिलेला आणि आतून गंजून पोकळ झालेला सिल व्ही-८ चा जोर सहन करणार नाही. सिल बदलायचा असेल तर दाराच्या चौकटीत आधी आडवा लोखंडी आधार पक्का करा, नाहीतर बॉडी वाकते आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

४. इंजिन कोणतं शोधू: ३.५, ३.९ की ४.६?

पहिल्यांदाच करत असाल तर ३.५, म्हणजे ३,५२८ सीसी. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८८.९ मिमी, भिंती जाड, स्वभाव शांत. कारखान्याच्या जीटी व्ही-८ मध्ये हेच होतं. १३७ अश्वशक्ती आणि ताशी सुमारे २०० किमीचा वेग, एवढं या गाडीला पुष्कळ आहे.

३.९, ४.० आणि ४.६ लिटरच्या इंजिनांत व्यास ९४ मिमी केला, त्यामुळे लायनरभोवतीचं (लायनर म्हणजे सिलिंडरच्या आतलं लोखंडी अस्तर) ॲल्युमिनियम पातळ झालं. असं इंजिन कधी जास्त तापलेलं असेल तर लायनर सैल होऊन वर-खाली सरकतो किंवा त्याच्या मागून पाण्यात दाब शिरतो. जुन्या लँड रोव्हरमधून काढलेलं इंजिन घेताना हे तपासाच. गरम इंजिनात घड्याळासारखा टकटक आवाज, कारण सापडत नाही असं कमी होणारं पाणी, थंड असतानाच फुगणारे पाण्याचे पाइप: यातलं एक जरी दिसलं तरी ते इंजिन सोडून द्या.

दोन्ही प्रकारांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) आणि त्यावर घासणारे टॅपेट झिजतात. ते नवे टाकायचेच, असं धरून पैसे बाजूला ठेवा.

५. घरच्या गॅरेजात खरंच जमतं का?

जमतं. एका गाडीच्या गॅरेजात जमतं, फक्त पुढे दोन मीटर मोकळी जागा हवी, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेल्या अवस्थेत, मागची बाजू खाली झुकवून आत उतरवावे लागतात. इंजिन उचलायची क्रेन आणि तिला झुकवता येणारी साखळी भाड्यानं मिळते. चार भक्कम स्टँड मात्र स्वतःचे घ्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी गाडीतून काढून गॅरेजबाहेर ठेवा आणि बॅटरी सोडवा. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या दाबानं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

वेल्डिंग येत नसेल तर तेवढं काम जाणकाराकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

६. सुरुवात कुठून करू?

मोडक्या, रिकाम्या ब्लॉकपासून. लायनर सरकलेला निकामी ब्लॉक आणि गिअरबॉक्सचं रिकामं कवच जवळजवळ भंगाराच्या भावात मिळतं. दोन्ही जोडून, हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) लावून, तो सांगाडा गाडीत बसवून बघा. हलका असल्यामुळे दोघांना हातानं हलवता येतो. माउंटिंगची जागा, स्टिअरिंगची दांडी, बॉनेटची उंची, गिअरच्या दांड्याचं भोक, सगळं यावर ठरतं. खरं इंजिन तोवर बाजूला, स्वच्छ प्लास्टिकखाली राहू द्या.

मापं घेताना इंजिन स्थिर धरू नका. पिकअप घेताना ते माउंटिंगवर एका अंगाला कलतं. जिथे दोन वस्तूंमध्ये बोटभरही फट नाही, तिथे रस्त्यावर खडखड होणार.

याच टप्प्यावर ब्रेक (प्रश्न १२) आणि कूलिंग (प्रश्न १०) यांचे भाग मागवा. इंजिन चालू झाल्यावर माणसाला धीर धरवत नाही आणि ब्रेक ‘पुढच्या महिन्यावर’ जातात.

७. मूळचा चार गिअरचा गिअरबॉक्स चालेल का?

काही दिवस चालेल. कारखान्यानं जीटी व्ही-८ ला बदललेले गिअर टाकून हाच चार गिअरचा बॉक्स ओव्हरड्राइव्हसह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जोडासह) वापरला, पण त्याची ताकद तिथेच संपते. घरच्या कामासाठी रोव्हर एसडी-१ सलूनचा पाच गिअरचा बॉक्स ही रुळलेली निवड आहे. तो याच इंजिनासाठी बनलेला असल्यामुळे जोडणीचा प्रश्न येत नाही. मधल्या बोगद्याचा पत्रा थोडा ठोकून रुंद करावा लागतो, प्रॉपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यावा लागतो. बोर्ग-वॉर्नरचा टी-५ जास्त मजबूत आहे, पण त्याला वेगळं बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच, लागतं.

८. मागचा ॲक्सल तसाच ठेवला तर?

गाडी धावेल, पण चालवताना वैताग येईल. साध्या एमजीबीच्या ॲक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे फेरे) ३.९ आहे, कारखान्याच्या व्ही-८ चं ३.०७. टायरचा परीघ सुमारे १.९ मीटर धरला तर ताशी १०० किमीला चाक मिनिटाला साधारण ८७५ फेरे मारतं. चौथ्या, म्हणजे थेट गिअरमध्ये ३.९ च्या ॲक्सलवर इंजिन ३,४०० आरपीएमवर ओरडत असेल. ३.०७ वर तेच २,७०० होतं. एसडी-१ बॉक्सच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.७९ धरलं तर जुन्या ॲक्सलवर २,७०० आणि नव्यावर २,१०० च्या आसपास.

म्हणजे पाच गिअरचा बॉक्स टाकल्यावर जुना ॲक्सल तात्पुरता सोसवतो, पण पहिला गिअर इतका आखूड होतो की टाकला-न टाकला सारखंच. या इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांत आहे, त्याला लांब गिअर द्या.

९. एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांडीला लागतो. काय करू?

उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत हा हमखास येणारा पेच आहे. दोन रस्ते आहेत. एक, कारखान्यासारखा आखूड मॅनिफोल्ड, जो ब्लॉकला चिकटून खाली उतरतो. दुसरा, १९९३ ते १९९५ मध्ये निघालेल्या एमजी आरव्ही-८ सारखा, ज्यात नळ्या बाजूच्या पत्र्यातून चाकाच्या कमानीत बाहेर पडतात आणि मग खाली येतात. दुसऱ्यात पत्र्याला भोकं पाडावी लागतात, पण इंजिनाच्या जागेतली उष्णता खूप कमी होते. भोकं पाडायची तयारी असेल तर मी दुसराच सुचवेन.

काहीही करा, पण स्टिअरिंगची दांडी कापून घरी वेल्ड करू नका. खाचा असलेला तयार युनिव्हर्सल जॉइंट मिळतो, तोच वापरा.

१०. सगळे म्हणतात व्ही-८ एमजीबी तापते. खरं आहे?

अर्धवट काम केलं तर तापते. जाड गाभ्याचा रेडिएटर, कारखान्यासारखे दोन विजेचे पंखे, आणि रेडिएटरच्या बाजूच्या फटी पत्र्यानं किंवा रबरानं बंद करणं, या तीन गोष्टी केल्या की उन्हाळ्यातल्या वाहतूक कोंडीतही काटा मध्यावर राहतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि तीच लोक विसरतात. फट असेल तर पंखा गरम हवाच फिरवत बसतो.

आत शिरलेली हवा बाहेर न काढल्यामुळेही ‘तापते’ अशा तक्रारी येतात. पाणी भरताना गाडीचं नाक उंच ठेवा, हीटरचा पाइप सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. ॲल्युमिनियमच्या इंजिनाला गंजरोधक कूलंट बाराही महिने हवं, नुसतं पाणी चालत नाही.

११. कार्बोरेटर ठेवू की इंजेक्शन बसवू?

बॉनेट सपाट ठेवायचं असेल तर कारखान्याची पद्धत उत्तम: एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर मागच्या भिंतीजवळ. रेंज रोव्हरच्या इंजेक्शनचा वरचा डबा उंच आहे, तो कापून बुटका करावा लागतो किंवा बॉनेटला उंचवटा काढावा लागतो. शिवाय इंजेक्शनला जास्त दाबाचा पंप, टाकीकडे परतीची नळी आणि त्या दाबाला टिकणारे पाइप लागतात. जुन्या रबरी पाइपांवर जास्त दाबाचं पेट्रोल सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

१२. ब्रेक तेच ठेवले तर चालतील का?

नाही. कारखान्यानंसुद्धा व्ही-८ ला जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर दिले होते. किमान तेवढं करा, सोबत सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि नव्या रबरी नळ्या. मागचे ड्रम चांगल्या स्थितीत असतील तर पुरतात. इंजिनाच्या खर्चातून पैसे उरले नाहीत म्हणून ब्रेक जुनेच, अशी गाडी रस्त्यावर आणू नका. त्यापेक्षा ती आणखी सहा महिने गॅरेजात उभी राहू द्या.

१३. वायरिंगमध्ये काय बदलतं?

१९६७ च्या अखेरीआधीची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, आहे. तिला आधी निगेटिव्ह अर्थवर आणून अल्टरनेटर लावा, मग पुढचं. आरपीएमचा काटा चार सिलिंडरचा असतो, तो आठला जुळवून घ्यावा लागतो. ॲक्सल बदलला की स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवतो, त्यालाही जुळवा. पंख्यांना वेगळा रिले आणि फ्यूज द्या, मूळच्या जुन्या तारांवर त्यांचा भार टाकू नका.

१४. सगळं जोडून झालं. पहिल्यांदा सुरू करताना काय सांभाळू?

ऑइल आधी, ठिणगी नंतर. रोव्हर व्ही-८ चा ऑइल पंप पुढच्या कव्हरमध्ये, ऑइलच्या पातळीच्या वर आहे. बरेच दिवस पडून राहिला की तो कोरडा होतो आणि सुरू केल्यावर ऑइल ओढतच नाही. म्हणून पंपाच्या दातांत व्हॅसलीन भरतात. ते ऑइलमध्ये विरघळतं, ग्रीस विरघळत नाही, तेव्हा ग्रीस नको. जुन्या प्रकारच्या कव्हरमध्ये पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर फिरतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर काढून, ड्रिल मशीनला दांडी लावून, इंजिन न फिरवता दाब चढवता येतो. काट्यावर दाब दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

कॅमशाफ्ट नवा असेल तर इंजिन पेटताच २,००० ते २,५०० आरपीएमवर न्या आणि साधारण २० मिनिटं तिथेच, थोडं वर-खाली करत ठेवा. या इंजिनाचे सपाट टॅपेट पहिल्या काही मिनिटांतच कॅमवर नीट घासून बसतात. संथ चालू ठेवलं तर ऑइलचे शिंतोडे कमी पडतात आणि नवा कॅम तिथेच खराब होतो. झिंक असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं ऑइल वापरा. ही २० मिनिटं मध्येच थांबावी लागू नयेत म्हणून इग्निशनचं टायमिंग, पेट्रोल आणि पाणी आधी दोनदा तपासा. शेजारी अग्निशामक घेऊन एक माणूस उभा असू द्या. गॅरेजचं दार उघडं, किंवा गाडी बाहेर.

१५. ऑइलचा दाब फार कमी दिसतो. इंजिन गेलं का?

बहुधा नाही. या इंजिनाचा दाब मुळातच कमी असतो: गरम असताना २,४०० आरपीएमला ३० ते ४० पीएसआय. बी-सीरिजचा काटा ६० च्या आसपास पाहायची सवय झालेले लोक इथे हमखास घाबरतात. संथ चालताना काटा आणखी खाली येतो. काळजीचं लक्षण म्हणजे दाबासोबत खालून येणारा ठोक्याचा आवाज. दाब अजिबातच चढत नसेल तर इंजिन लगेच बंद करा आणि प्रश्न १४ पाहा.

१६. ब्रिटनमध्ये कागदपत्रांत काय बदलावं लागतं?

इंजिनाचा क्रमांक आणि सीसी बदलले की डीव्हीएलएला (तिथल्या वाहन नोंदणी खात्याला) कळवून व्ही-५-सी हे नोंदणीपत्र दुरुस्त करून घ्यायचं. इंजिन कुठून घेतलं त्याची पावती जपा. विमा कंपनीला काम सुरू करण्याआधीच लेखी कळवा. न कळवलेला बदल असेल तर अपघातानंतर विमा नाकारला जाऊ शकतो. बदललेल्या जुन्या गाड्यांचा विमा करणारे खास लोक आहेत, त्यांच्याकडे गाडीची किंमत आधीच ठरवून घ्या.

१७. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी (ब्रिटनमधली दरवर्षीची सक्तीची वाहन तपासणी) लागत नाही ना? मग व्ही-८ टाकल्यावरही नाही?

इथे थोडं थांबून वाचा. ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला एमओटी माफ आहे, पण गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल केलेला नसेल तरच. त्याच इंजिनाची वेगळी सीसी, किंवा त्या मॉडेलला कारखान्यानं दिलेलं पर्यायी इंजिन, हा मोठा बदल धरत नाहीत. सिलिंडरची संख्या वेगळी असेल तर तो बहुधा मोठा बदल ठरतो. बहुधा, नेहमीच नव्हे. त्या प्रकारच्या गाडीत उत्पादन चालू असताना किंवा ते संपल्यापासून दहा वर्षांच्या आत असे बदल होत होते हे दाखवता आलं, तर तेही ग्राह्य धरलं जातं.

एमजीबीच्या बाबतीत जीटीला कारखान्यानंच व्ही-८ दिलं आणि रोडस्टरला कॉस्टेलोंनी त्याच काळात, त्यामुळे तुमची बाजू मजबूत आहे. पण सूट जाहीर करण्याची जबाबदारी मालकाची असते. माझा आग्रह एवढाच, की सूट मिळत असली तरी दरवर्षी स्वखुशीनं एमओटी करून घ्या. घरी केलेल्या कामावर दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर पडते.

१८. भारतात माझ्याकडे जुनी गाडी आहे. तिच्यात वेगळं इंजिन टाकता येईल का?

रस्त्यावर चालवण्यासाठी, जवळजवळ नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. इंधन बदलण्यासाठीचे मान्यताप्राप्त संच हा अपवाद आहे. त्याच प्रकारचं इंजिन बदलून टाकायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर दुसरा धोका. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ती ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपात असेल तरच. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला की तो हक्क जातो. ॲम्बेसेडरला इसुझूचं इंजिन मिळालं होतं असं काही जण लिहितात. ते खरं आहे, पण ते कंपनीनं दिलं होतं, मालकानं नव्हे. भारतातल्या जुन्या गाडीचं मूळ इंजिन नीट उघडून, नव्यानं बांधून घेणं हाच योग्य मार्ग, आणि त्यातही शिकण्यासारखं भरपूर आहे.

१९. काम पूर्ण झाल्यावर ती ‘एमजीबी जीटी व्ही-८’ म्हणून विकता येईल का?

नाही, ती फसवणूक होईल. कारखान्याच्या व्ही-८ गाडीचा चासी क्रमांक ‘जीडी२डी१’ नं सुरू होतो, जाणकार तोच आधी बघतो. ‘व्ही-८ बसवलेली एमजीबी’ असं सरळ लिहा. कामाचे फोटो, पावत्या आणि ॲक्सल-ब्रेकचा तपशील सोबत असेल तर अशा गाडीलाही चांगले ग्राहक आहेत.

२०. मूळ इंजिनाचं काय करू?

गाडीसोबत ठेवा, विशेषतः क्रमांक कागदपत्रांशी जुळत असेल तर. ऑइल आणि पाणी पूर्ण काढून, स्पार्क प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, क्रँक हातानं दोन फेरे फिरवा आणि सगळी तोंडं बंद करा. दर काही महिन्यांनी क्रँक पुन्हा फिरवा, म्हणजे रिंगा चिकटणार नाहीत. मूळ माउंटिंग, रेडिएटर, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांना चिठ्ठ्या लावून एकाच ठिकाणी ठेवा. कापलेल्या पत्र्याचे, कापण्याआधीचे मापांसह फोटोही त्याच खोक्यात टाका.